घरच्या घरी मशीन पॉलिश: सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचा रंग उजळवताना

रात्री पार्किंगच्या एलईडी दिव्याखाली गडद रंगाच्या गाडीच्या बोनेटकडे जरा तिरकं पाहा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसतील. खरं तर ते चरे गोल नसतात. ते सरळ असतात आणि सगळ्या दिशांना पसरलेले असतात. त्यातले प्रकाशाला आडवे आलेले तेवढे चमकतात, म्हणून जाळी गोल वाटते. दिवा हलवा, जाळी दिव्यामागे सरकेल.

मुंबईत ही जाळी पडते ती रोज सकाळच्या पुसण्याने. एक बादली, एक फडकं आणि ओळीने सगळ्या गाड्या. मेट्रोच्या आणि इमारतींच्या कामांची सिमेंटमिश्रित धूळ त्या फडक्यात अडकते आणि पुढच्या गाडीवर घासली जाते. चरे रंगावर पडत नाहीत, रंगावरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे क्लिअरकोटवर पडतात. पॉलिश करताना आपण चरे ‘भरत’ नसतो. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअरकोट समपातळीत उतरवत असतो. हे पक्कं समजलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि क्लिअरकोट मिळून कंपनीच्या रंगाची जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन असते. त्यात क्लिअरकोट ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर तुमच्या हातात अर्ध्या केसाएवढा थर आहे आणि तो गाडीच्या आयुष्यभर पुरवायचा आहे. दर दिवाळीला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणाऱ्या गाड्यांचा क्लिअरकोट सात-आठ वर्षांत कडांवर संपतो, त्याचं कारण हेच.

आधी गाडी तपासा

चऱ्यावरून नख आडवं हळूच फिरवा. नख अडकलं तर तो चरा पॉलिशने पूर्ण जाणार नाही. त्याच्या कडा बोथट करून तो कमी दिसेल एवढंच करा. बोनेटवर किंवा छपरावर पांढुरके, साल निघाल्यासारखे डाग असतील तर क्लिअरकोट सुटलेला आहे. त्यावर मशीन लावलं की डाग मोठा होतो. तिथे उपाय रंगकामाचाच. दगडाने उडालेले टवके आधी टचअप पेनने भरा आणि पूर्ण वाळू द्या.

गाडी जुनी घेतली असेल तर रंगाची जाडी मोजणारं गेज मागून आणा. भाड्याने मिळालं तरी चालेल. प्रत्येक भागावर पाच-सहा ठिकाणी मोजा. सगळीकडे १०० ते १३० आणि एका दारावर २५० आलं, तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. ५०० च्या वर गेलं तर खाली पुट्टी आहे. आकडा ८० च्या आसपास असेल तर तिथे कंपाऊंड, म्हणजे जास्त कापणारं भरड पॉलिश, वापरू नका, फक्त हलकं फिनिशिंग करा. साधं गेज प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही, त्यामुळे बंपरच्या बाबतीत कायम सावध राहायचं.

तीस-चाळीस वर्षांपूर्वीची गाडी असेल, एखादी जपलेली पद्मिनी किंवा सुरुवातीच्या काळातली मारुती ८००, तर तिच्यावर क्लिअरकोट नसण्याचीच शक्यता जास्त. कोपऱ्यात थोडं पॉलिश हाताने घासा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर तो एकथरी रंग. पांढऱ्या गाडीसाठी काळं फडकं घ्या, नाहीतर कळणार नाही. असा रंग पॉलिशने फार सुंदर उजळतो, पण मशीनला लावायचं स्पंजचं पॅड चटकन रंगाने भरतं, म्हणून पॅड दुप्पट लागतात.

वेळ आणि जागा

जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. ओलसर हवेत पाणी बीडिंगमधून दिवसभर झिरपत राहतं आणि शेवटचा संरक्षक थर नीट बसत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पत्रा इतका तापतो की पॉलिश पसरायच्या आत सुकतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. सकाळी सातला सुरुवात करा. जागा स्टिल्ट पार्किंगची, म्हणजे छताखालची हवी. उघड्यावर पर्जन्यवृक्षाखाली किंवा कबुतरांच्या वळचणीखाली दिवसभराची मेहनत तासात वाया जाते.

विजेसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींशी आधी बोलून घ्या, कारण पार्किंगमधला प्लग बहुतेक वेळा सामाईक मीटरवर असतो. मशीन ५०० ते ९०० वॉटचं असतं, साधा ६ अँपियरचा प्लग पुरतो. एक्स्टेंशनची वायर १.५ चौरस मिमीची घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापते. धुणं एका दिवशी, मशीनचं काम दुसऱ्या दिवशी, असं वाटून घेतलंत तर ओल्या लादीवर वीज हाताळायची वेळच येणार नाही.

वेळेचा अंदाज: लहान हॅचबॅकला एकाच टप्प्यात ६ ते ८ तास, कंपाऊंड आणि फिनिशिंग दोन्ही केलं तर १२ ते १४. शनिवार-रविवार धरा आणि रविवारी संध्याकाळी कुठे जायचं ठरवू नका. घाईत कडा जळतात.

काय काय लागेल

मशीन ड्युअल अॅक्शनच घ्या. त्यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय डोलतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. जास्त दाबलं तर फिरणं थांबतं, ही नवख्यासाठी मोठी सोय. १५ मिमी डोलाचं, ५ इंची प्लेटचं मशीन पहिल्यासाठी पुरेसं. डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात असतं ते रोटरी. ते ६०० ते ३००० फेऱ्यांनी फक्त गोल फिरतं, काम लवकर उरकतं, पण कडेवर काही सेकंदांत रंग जाळू शकतं आणि सरावाच्या हाताविना उन्हात दिसणारे धूसर पट्टे सोडतं. आणि घरात पडलेल्या अँगल ग्राइंडरला बफ लावायचा विचार मनातसुद्धा आणू नका. तो मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो.

पॅड: कापणारे ५-६, मऊ फिनिशिंगचे ३-४. पॅडच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंगांचा हिशेब वेगळा असतो. पाकिटावरचं वर्णन वाचा. कंपाऊंड आणि फिनिशिंग पॉलिश प्रत्येकी २५० मिली घेतलंत तर एक हॅचबॅक होऊन उरेल. मायक्रोफायबर कापडं ३०० ते ४०० जीएसएमची (दर चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाची), किमान १२. शिवणीची कडक कड किंवा लेबल असेल ते कापून टाका. २४ मिमीच्या ऑटोमोटिव्ह मास्किंग टेपचे दोन रोल. कागदी पिवळी टेप दुपारपर्यंत गोंद सोडते. १०० ग्रॅम क्ले (रंगात रुतलेले कण उचलणारा, मळता येणारा गोळा), एक प्रखर टॉर्च, गॉगल, धुळीचा मास्क, नायट्राइल हातमोजे.

आयसोप्रोपिल अल्कोहोल ५०० मिली लागेल. ते १ भाग आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर ४ भाग, असं स्प्रेच्या बाटलीत करून ठेवा. हे ज्वालाग्राही आहे. हवा खेळती ठेवा आणि आसपास कुणाला सिगारेट ओढू देऊ नका.

हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट, गाडीच्या सामानासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड, रसायनांसाठी प्रिन्सेस स्ट्रीट. पॅड आणि पॉलिश मात्र सीलबंद आणि ताज्या तारखेचंच घ्या. जुन्या कंपाऊंडमध्ये तळाला गोळे बसतात आणि तेच नवे चरे पाडतात.

धुणं आणि स्वच्छता: निम्मं काम इथेच

मशीन लावण्याआधी रंगावर एकही कण राहता कामा नये. राहिलेला कण पॅडखाली सापडला की मिनिटाला हजारो वेळा घासला जातो.

दोन बादल्या घ्या, १५-१५ लिटरच्या. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं, दोन्हींच्या तळाला जाळी. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू द्या, मग मऊ हातमोजा शॅम्पूत बुडवून छपरापासून खाली या. एक भाग झाला की हातमोजा साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शॅम्पूत. भांड्याचा साबण किंवा कपड्याची पावडर नको. पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं असल्याने त्याचे डाग कमी पडतात. टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी असेल तर एकेक भाग धुऊन लगेच टिपून घ्या. जुने पांढरे थेंबांचे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात करून थंड पत्र्यावर २-३ मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. तरीही थेंबाची कड दिसली तर क्षारांनी क्लिअरकोट खाल्लेला आहे, ते काम पॉलिशचं.

रेल्वेच्या रुळांजवळ गाडी लागत असेल तर पांढऱ्या रंगावर तांबूस ठिपके बघायला मिळतात. ब्रेक आणि रुळांच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतून गंजतात. आयर्न रिमूव्हर फवारा, ३ ते ५ मिनिटं थांबा, जांभळे ओघळ दिसू लागतील. सुकू न देता धुवा. दारांच्या खालच्या अंगाला पावसाळ्यानंतरच्या रस्तेदुरुस्तीचं डांबर असतं. त्याला टार रिमूव्हर, आणि ते नसेल तर फडक्यावर थोडं रॉकेल. रॉकेल वापरलं तर तो भाग शॅम्पूने पुन्हा धुवायलाच हवा.

आता ब्रेडच्या पुड्याचं पातळ प्लॅस्टिक हातावर चढवा आणि ओल्या बोनेटवरून बोटं फिरवा. उघड्या हाताला जो रंग गुळगुळीत वाटला, तोच आता बारीक रव्यासारखा लागेल. हा खरखरीतपणा क्लेने काढायचा. ३० ग्रॅमचा तुकडा मळून चपटा करा, १ लिटर पाण्यात चमचाभर शॅम्पू घालून पृष्ठभाग भरपूर ओला ठेवा आणि वजन न देता सरळ रेषेत फिरवा. सुरुवातीला क्ले ओढल्यासारखा अडतो आणि सूक्ष्म खरखर ऐकू येते. ती थांबली की तो भाग झाला. क्ले घडी घालून सतत नवी बाजू वर आणा. जमिनीवर पडला तर फेकून द्या, कितीही नवा असला तरी.

पुसून कोरडी करा आणि टेप लावा: रबराच्या बीडिंग, काळं प्लॅस्टिक, लोगो, वायपरचे नोझल, आणि बोनेट-दारांच्या तीक्ष्ण कडा. रंग कडेवरून ओघळतो, म्हणून तिथे थर सर्वांत पातळ असतो. काळ्या प्लॅस्टिकवर सुकलेलं कंपाऊंड पांढरं दिसतं आणि महिनोन्‌महिने निघत नाही. टेपला अर्धा तास लागतो, तो वाचवू नका.

चाचणीचा चौकोन

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त वगळला जाणारा. क्लिअरकोट कुठे कडक, कुठे मऊ असतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक पडतो. म्हणून बोनेटवर टेपने ५० बाय ५० सेंमीचा चौकोन आखा आणि सर्वांत सौम्य जोडीने सुरुवात करा: मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. पुसा, अल्कोहोलचा फवारा मारून पुन्हा पुसा, टॉर्च तिरकी धरून बघा. जाळी गेली? मग सगळी गाडी त्याच जोडीने करायची. नाही गेली तर तेच पॉलिश कापणाऱ्या पॅडवर. तरी नाही, तर कंपाऊंड आणि कापणारं पॅड. सत्तर-ऐंशी टक्के जाळी गेली की थांबा. उरलेल्या चार खोल चऱ्यांसाठी अख्ख्या गाडीचा क्लिअरकोट खर्च करणं परवडणारं नाही.

अल्कोहोलने पुसणं का हवंच? पॉलिशमधलं तेल चऱ्यांत बसतं आणि ते लपवतं. दुकानातून रबिंग करून आणलेली गाडी त्या दिवशी आरशासारखी दिसते आणि दोन धुण्यांनंतर जाळी परत येते, ती बहुतेक वेळा याच कारणाने.

मशीन चालवताना

बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड जिच्यावर बसतं त्या चकतीच्या, कडेवर काळ्या मार्करने एक जाड रेघ मारा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. नुसती थरथरताना दिसली तर पॅड फिरत नाही आणि चरेही निघत नाहीत, मग दाब कमी करा किंवा पॅड सपाट धरा.

नव्या पॅडवर पहिल्यांदा पॉलिश सगळीकडे बोटाने चोळून घ्या, नंतर दर वेळी हरभऱ्याएवढे ४-५ थेंब पुरे. मशीन बंद असताना पॅड रंगावर टेकवा, थेंब टिपून चौकोनभर उमटवा आणि मगच सुरू करा. हवेत सुरू केलंत तर छपरापर्यंत शिंतोडे जातील. मशीनवरचा वेगाचा आकडा १ वर ठेवून पसरवून घ्या, मग ४ ते ५ वर न्या. हात सेकंदाला इंच-दीड इंच एवढाच हळू. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याचा अर्धा भाग झाकेल असा आडवा घ्या, मग तसाच उभा. आडवं-उभं मिळून चार ते सहा फेऱ्या.

दाबाचा अंदाज घरच्या वजनकाट्यावर घ्या. बंद मशीन त्यावर टेकवून दाबा. कंपाऊंडला मशीनच्या वजनासकट ४ ते ५ किलो, फिनिशिंगला २ किलोच्या आसपास. हा आकडा हातात बसला की काम एकसारखं होतं.

पहिल्या फेरीत पॉलिश दुधासारखं पांढरं दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत ते विरळ होत जातं आणि पॅडमागे एक पातळ, तेलकट, जवळजवळ पारदर्शक पट्टी उमटते, ओल्या बोटाने काच पुसल्यासारखी. ती पट्टी तशी दिसते तोवर पॉलिश काम करतंय. ती तुटक होऊन पांढरी भुकटी उडू लागली की थांबा, पुढचं सगळं कोरडं घासणं आहे. भुकटी लगेच उडत असेल तर पत्रा तापलाय, चौकोन मोठा घेतलाय किंवा पॅड भरलंय. हाताचा तळवा पत्र्यावर ठेवा. सहज ठेवता येत नसेल तर दुसऱ्या भागावर जा.

दर चौकोनानंतर नायलॉनच्या ब्रशने पॅड झाडा आणि दोन भाग झाले की पॅड बदला. पॉलिश आणि उतरलेला क्लिअरकोट साचून पॅड कडक होतं, तापतं आणि मधला स्पंज सुटून प्लेटपासून वेगळा होतो. बहुतेक पॅड खराब होतात ते इथे.

बंपर आणि आरशांची कव्हरं शेवटी करा. प्लॅस्टिक उष्णता पसरवत नाही, ती रंगातच साठते. वेग ३, दाब जवळजवळ नाही, दोन-तीन फेऱ्या. दारांवरच्या उठावाच्या रेषांवर पॅड आडवं नेऊ नका, रेषेच्या एका बाजूला राहून समांतर चालवा. पॅड जिथे जात नाही तिथे हाताने करा.

कंपाऊंडनंतर गडद रंगावर हलकं धुकं दिसेल. घाबरू नका, कापणाऱ्या पॅडचे हे सूक्ष्म व्रण आहेत आणि फिनिशिंगने जातात. नवं मऊ पॅड, फिनिशिंग पॉलिश, वेग ३ ते ४, तीन-चार फेऱ्या. धुकं तरीही राहिलं तर दाब आणखी कमी करून बघा. मऊ क्लिअरकोटवर जास्त दाब हेच कारण निघतं. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीला अनेकदा या दुसऱ्या टप्प्याची गरजच पडत नाही.

संरक्षक थर

सगळी गाडी अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसा, टेप काढा, सांध्यातली भुकटी मऊ ब्रशने झाडा. कार्नोबा वॅक्सने रंगाला छान खोली येते, पण मुंबईच्या उन्हापावसात ते काही आठवडेच टिकतं. सिंथेटिक सीलंट तीन-चार महिने काढतं. घरी पहिल्यांदा करणाऱ्याने सीलंटच लावावं, चूक झाली तर पुसून पुन्हा लावता येतं.

सिरॅमिक कोटिंग लावायचंच असेल तर ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं हे ध्यानात ठेवा. आपल्या दमट हवेत त्यासाठी कमी वेळ मिळतो. एका वेळी फूट-दीड फुटापेक्षा मोठा भाग घेऊ नका, इंद्रधनुषी तवंग दिसला की लगेच समतल पुसा, आणि टॉर्चने प्रत्येक भाग तपासा. राहून गेलेला जाड ठिपका दुसऱ्या दिवशी फक्त पॉलिशनेच निघतो. निदान २४ तास पाणी लागू देऊ नका, म्हणजे वॉचमन आणि गाडी पुसणाऱ्या दादांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

त्या दादांशी नीट बसून बोला. रोज पुसू नका, आठवड्यातून दोनदा पुसा, पैसे तेवढेच देऊ, हे स्पष्ट सांगा. तुमच्या गाडीसाठी वेगळी बादली आणि चार मायक्रोफायबर द्या, दोन वरच्या अंगाला, दोन खालच्या, वेगवेगळ्या रंगांची. कोरडं फडकं कधीच नाही, आधी पाणी ओतायचं. कबुतराची किंवा कावळ्याची विष्ठा दिसली तर त्याच दिवशी, ओलं कापड दोन मिनिटं ठेवून मऊ करून उचलायची, घासायची नाही. उन्हात तापलेल्या बोनेटवर ती राहिली तर क्लिअरकोटमध्ये खळगा पडतो. कापडं रविवारी घरी आणून कोमट पाण्यात वेगळी धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याने तंतूंवर थर बसतो आणि कापड पाणी टिपेनासं होतं.